साडीगार्ड

“सर, आईंना एकदा मागं बसवून बघा की,” शोरूममधला प्रविण म्हणाला, आणि उत्तरेश्वर सायलेन्सरकडे बघत राहिला. सायलेन्सर उंचावर होता, सीटखालून उजव्या अंगानं सरळ मागं गेलेला, आणि सहा महिने मोबाईलवर रोज बघूनही प्रत्यक्षात तो इतका देखणा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आई कोण, हे कळायला त्याला जरा वेळ लागला. त्याची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मग त्यानं मान वळवली. दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर दीपमाला बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. त्याची बायको. त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. प्रविण तिच्याकडेच बघून हसत होता, आणि अशा वेळी माणसानं काय बोलायचं असतं ते काही अवघड नाही. अहो, आई नाही, मिसेस आहेत, एवढं म्हटलं की समोरचा जीभ चावतो, सॉरी म्हणतो, चहा मागवतो आणि घरी पोचेपर्यंत त्याचा विनोद झालेला असतो. उत्तरेश्वरला हे सगळं सुचलं. तोंडही उघडलं होतं त्यानं. पण त्या तोंडातून निघालं ते असं, की याचा ग्राउंड क्लिअरन्स दोनशे आहे ना?

दोनशेच होता. पुढचं अर्धं मिनिट तो खाली वाकून गाडीचं पोट तपासत होता आणि त्याच्या छातीत काहीतरी गोड होत होतं. ते काय होतं हे कळल्यावर त्याला स्वतःची किळस आली, पण ती नंतर. आधी गोड वाटलं, हे खरं. या बाईचा मुलगा, म्हणजे आपण किती वर्षांचे दिसत असू? आदल्याच दिवशी त्यानं केस काळे केले होते, जीन्स घातली होती, आणि सिरसाळ्याच्या या पंचवीस वर्षांच्या पोरानं, दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं बघणाऱ्यानं, त्याला तरणा धरला होता. शिवाय आता दुरुस्ती करायची तर तिच्यादेखत करायची, म्हणजे तू म्हातारी दिसतेस हे तिला परत एकदा ऐकवायचं. आणि तिनं ऐकलंच नसलं तर? जालना रोडवरून ट्रक चालले होते, पंखा कुरकुरत होता, खुर्ची पार दाराशी. नसेलच ऐकलं. आपण गप्प बसलो ते तिच्यासाठीच, असं त्यानं ठरवून टाकलं. स्वतःला दयाळू ठरवायला त्याला कधीच फार वेळ लागत नसे. मग त्यानं चावी मागितली.

गाडीची गरज नव्हती. हे तो स्वतःच सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. घरी शंभर सीसीची जुनी होती. तिनं त्याला अकरा वर्षं पालीला धरणावर नेलं-आणलं होतं, तिच्यावरून गॅसची टाकी आली होती, दळणाचा डबा गेला होता, मुलगी ऋतुजा आता लातूरला नर्सिंगला आहे ती याच गाडीवरून शिकवणीला गेली होती, आणि कंबर धरली की दीपमाला तिच्यावरूनच दवाखान्यात जात होती. त्या गाडीला लेगगार्ड होता, बाजूला डिकी होती, आणि मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला बाईचा पदर आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी, साडीगार्ड, तोही होता. ती पोटाची गाडी. ही मनाची. पाटबंधारे खात्यात तो कालवा निरीक्षक, आणि हाफिसातल्या सत्यम नावाच्या नव्या अभियंत्याकडे अशीच एक होती. जाड दातेरी टायर, तारांची चाकं, रुंद हँडल. दर रविवारी सत्यम आणि त्याचे चारपाच मित्र मांजरसुंब्याच्या घाटात, कपिलधारकडे, कुठंकुठं दगडगोट्यातून गाड्या घालायचे आणि सोमवारी डब्याच्या वेळी फोटो दाखवायचे. आमची टोळी, असं म्हणायचे. टोळी हा शब्द त्या पोरांना कुठून आला कोण जाणे. उत्तरेश्वरच्या अंगावर काटा यायचा, कारण तो टोळीतूनच आलेला होता, वेगळ्या. पण हाफिसात कुणाला ते ठाऊक नव्हतं. त्याची बायकोही कुणी पाहिली नव्हती. वहिनींच्या हातची शेंगदाण्याची चटणी तेवढी सगळ्यांना माहीत होती.

तीन गाड्यांमधून त्यानं ही निवडली होती, आणि का निवडली हे तो कुणालाच सांगू शकला नसता. मोबाईलवर गाड्यांची पारख सांगणारे सगळे जण हिच्या एका गोष्टीला नावं ठेवत होते. सीट मागं आखूड आहे, धरायला काही नाही, पाय ठेवायच्या जागा उंच आहेत, मागं बसणाऱ्याचे हाल होतात. ते ऐकताना उत्तरेश्वरला दर वेळी बरं वाटायचं. बाकीच्यांनी दोषांत धरलेली गोष्ट त्यानं गुपचूप गुणांत धरली होती. कारण दुसरी गाडी घ्यायची असं ज्या दिवशी तो घरी बोलला, त्या दिवशी दीपमाला भाकरी थापता थापता थांबली होती आणि हसली होती. म्हणाली, मजेची घेताय तर मग मला तुमचं धरण दावा एकदा. इतकी वर्सं झाली, तुमी रोज जाताय, म्या न्हाई बगितलं. एवढंच. चोवीस वर्षांत तिनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असावी, आणि ती ऐकून त्याचा जीव गुदमरला होता. तिला शोरूमला सोबत आणलं ते यासाठी, की उंच सीट आणि ते हाल बघून तिनं आपल्या तोंडानं नको म्हणावं. आपल्याला म्हणायला लागू नये.

प्रविणनं टेस्ट राइडची गाडी बाहेर आणली. तिला साडीगार्ड नव्हता, म्हणून तो म्हणाला, आई, एका अंगाला नका बसू, पदर चाकात जाईल. दुसऱ्यांदा आई झालं, आणि या वेळी तिच्या तोंडासमोर झालं. उत्तरेश्वर हेल्मेटचा पट्टा लावत राहिला. पट्टा काही केल्या लागेना. दीपमालानं पिशवी प्रविणकडे दिली, निऱ्या वर घेऊन साडी कमरेला घट्ट खोवली आणि प्रविणच्या हाताचा आधार घेऊन पाय पलीकडे टाकला. अशी खोवलेली साडी उत्तरेश्वरनं अठरा-एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती. गाडी हलली आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. जुन्या गाडीवर ती कमरेला धरते. खांद्याला आई धरते, मावशी धरते, दवाखान्यात न्यायला बसवलेली शेजारीण धरते. त्या पाच बोटांचं वजन खांद्यावर पडलं तेव्हा त्याला कळलं की तिनं ऐकलं होतं. पहिल्या वेळचंही ऐकलं होतं.

आता बोलायला हरकत नव्हती. रस्ता होता, प्रविण मागं राहिला होता, दोघंच होते. पण तो सोलापूरच्या रस्त्याला लागला आणि वेग वाढवला, आणि ते इंजिन पायांमध्ये असं काही थरथरलं की चोवीस वर्षांपूर्वीचा ट्रक आठवला. त्या ट्रकमध्येही ती त्याच्या मागंच बसली होती, हळदीच्या अंगानं, बिऱ्हाडाच्या बोचक्याला टेकून. तेव्हा तो वीस वर्षांचा. शिरूर कासारजवळच्या त्यांच्या वस्तीवर बंकट मुकादम आला होता आणि त्याच्या बापाला म्हणाला होता, “अर्धा कोयता म्या नेत न्हाई, शहादेव. पोराचं उरकून टाक.” ऊस तोडायला जाणाऱ्यांत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा, आणि अर्ध्याला टोळीत जागा नाही. मग बापानं पंधरा दिवसांत मुलगी बघितली, मांडव घातला, आणि दसरा झाल्यावर दोघं कोयता होऊन ट्रकमध्ये चढले. तिला पसंत होता का, त्याला पसंत होती का, हे कुणी विचारलं नव्हतं. कोयत्याच्या मुठीला कुणी विचारतं का पातं पसंत आहे का. फडातल्या पहिल्या सकाळी तिनं त्याचाच जुना शर्ट साडीवर चढवला, उसाचं पान कापू नये म्हणून, आणि त्याच्याकडे बघून हसली. तेव्हा ती फार सुंदर होती. हे त्याला आत्ता, पुढं वळण आलेलं असताना आठवायचं काही कारण नव्हतं.

स्पीडब्रेकर आला. त्यानं वेग कमी केला नाही. गाडी उडाली, आदळली, खांद्यावरची बोटं आवळली गेली आणि सुटली. त्यानं कान दिला, पण ती काही बोलली नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं, यांना हादरे बसू देऊ नका, मणक्यांत जागा राहिलेली नाही. जागा कुठं गेली ते डॉक्टरनं विचारलं नव्हतं आणि यानं सांगितलं नव्हतं. तिसऱ्या हंगामात तो म्हणाला होता की सरकारी नोकरीची परीक्षा द्यावी म्हणतो, आणि ती म्हणाली होती, तुमी वाचा, म्या हाय की. तेव्हापासून दुपारनंतर तो पाचटाच्या कोपीत, त्या खोपटात, पुस्तक घेऊन पडायचा आणि ती एकटी ऊस तोडायची, त्याचा पाला साळायची, मोळी बांधायची, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायची. बंकट आला की सांगायची, पाण्याला गेलेत. तीन हंगाम तो पाण्याला गेला होता. कोपीत त्याला तिच्या कोयत्याचा आवाज ऐकू यायचा, खट्, खट्, आणि आवाज थांबला की वाचायला सुचायचं नाही, आणि परत सुरू झाला की हायसं वाटायचं. तिचे टाळूवरचे केस त्या मोळ्यांखाली गेले. मान आखडली, तोंड रापलं, पुढचे दोन दात एका उसानं नेले. तो साहेब होत गेला आणि ती म्हातारी होत गेली, एकाच फडात, हाकेच्या अंतरावर. असल्या बाईवर प्रेम कसं करायचं? तिचं तोंड दिसलं की त्याला आपलं देणं दिसायचं, रोज, चहाच्या कपाबरोबर. सरळ सांगायचं तर त्याला तिचा राग यायचा.

हमरस्ता सोडून त्यानं गाडी कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्याला घातली. त्याची काही गरज नव्हती. खडी होती, चाकोऱ्या होत्या, आणि चाकोरी चुकवता येत असताना तो चुकवत नव्हता. तिनं एकदा हं म्हणावं, एकदा कण्हावं, बास झालं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणजे तिचं तिनं ठरवलं असं झालं असतं. त्यानं ओरडून विचारलं, “कंबर दुखती का?” ती म्हणाली, “न्हाई.” त्यानं आणखी एक खड्डा घेतला. एखाद्या जनावराला कुठं लागतं ते बघण्यासाठी माणूस जसा टोचून बघतो, तसं तो करत होता, आणि गाडी मात्र खरंच छान चालत होती. हँडल हलकं होतं, उभं राहून चालवता येत होती, आणि मधेच चार-पाच क्षण असे गेले की मागं कुणी आहे हे तो विसरला आणि त्याला आनंद झाला. पालीच्या अलीकडे, जिथून एक वळण घेतलं की बिंदुसरा धरणाची भिंत दिसते, तिथल्या चहाच्या टपरीवर धरणाच्या फाटकावरचा नाथा उभा होता. नाथानं नव्या गाडीकडे बघून हात कपाळाला लावला, सायेब आहेत का काय म्हणून. नाथाला सांगावं लागलं असतं की ही कोण. उत्तरेश्वरनं तिथल्या तिथं गाडी वळवली. मागून दीपमाला म्हणाली, “धरण फुडं हाय ना?” तो म्हणाला, टेस्ट राइड एवढीच असते.

शोरूमसमोर तिला उतरता येईना. उजवा पाय वरच राहिला. प्रविणनं धावत येऊन तिला काखेत धरून उतरवलं, सावकाश आई, म्हणाला, आणि ती त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, औक्षवंत हो बाळा. अगदी आईसारखी. उत्तरेश्वर ते बघत राहिला. चोवीस वर्षांत त्याला तिच्यातली ही कारागिरी दिसली नव्हती. आत टेबलाशी बसल्यावर प्रविणनं बुकिंगचा कागद पुढं ओढला आणि म्हणाला, रंग कळला, टायर कळले, आता साडीगार्डचं सांगा. “कंपनी देती, पर लावला की गाडीचा लूक जातो. तुमी एकट्यानंच फिरवायची असंल तर काडून ठिवतो.” उत्तरेश्वरनं विचार केल्यासारखं केलं. तेव्हा दीपमाला बोलली, त्याच्याशी नाही, प्रविणशी.

“आन ह्याची बायकू बसायची म्हणली तर?”

तिचा आवाज अगदी साधा होता. पुढं कितीदा तरी त्याला तो आठवला, आणि दर वेळी हेच लक्षात आलं की त्यात टोमणा नव्हता. खरं बोलायला तिनं त्याच्यासाठी दार उघडं धरलं होतं. प्रविण हसला, खरंच की, म्हणाला, वहिनींना न्हाई का आणलं सर? दोघंही त्याच्याकडे बघत होते. समोर कागदावर त्याचं नाव अर्धं लिहिलेलं होतं. पंखा कुरकुरत होता, आणि काचेतून ती गाडी दिसत होती, उन्हात, धुळीनं माखलेली, फारच देखणी.

“तिला कंबरेचा त्रास आहे,” उत्तरेश्वर म्हणाला. “काढून टाका.”

शब्द न् शब्द खरा होता. त्याला वाटलं, ती आता उठून जाईल. ती उठली नाही. चहा आला तो तिनं बशीत ओतून प्याला, प्रविणला लग्न झालंय का विचारलं, गाव कोणतं विचारलं, आणि निघताना तो म्हणाला की आई, पुढच्या रविवारी डिलिव्हरीला पूजा तुमच्याच हातची, तेव्हा येते म्हणाली.

त्या आठवड्यात घरात काहीच झालं नाही. भांडण झालं असतं तर त्याची तयारी होती. तो काय काय बोलेल ते त्यानं पाठ करून ठेवलं होतं, गंमत केली, पोराची फजिती नको म्हणून गप्प बसलो, तूच तर आई झालीस. पण ते म्हणायची वेळच आली नाही. डबा वेळेवर होता, चटणी होती, अंघोळीचं पाणी होतं. फक्त ती त्याला अहो म्हणेनाशी झाली. हाक मारायचीच बंद केली तिनं; जेवायला वाढलं की ताट वाजवायची. बुधवारी ती ओट्यापाशी पोटरीला कोरफड लावत होती तेव्हा त्याला दिसलं, उजव्या पोटरीवर तळहाताएवढं भाजलेलं, फोड फुटलेला. सायलेन्सर उजव्या अंगाला होता. सगळा रस्ता तिची पोटरी त्याला टेकलेली असणार, कारण पाय दुसरीकडे न्यायला जागाच नव्हती. कशानं झालं, त्यानं विचारलं. तव्यानं, ती म्हणाली. तवा पोटरीला कसा लागतो हे त्यानं विचारलं नाही. शनिवारी रात्री त्यानं तिला सांगून पाहिलं, की उद्या तू कशाला येतेस, कंबर आहे, मी एकटाच जातो. तिनं ताट वाजवलं. जेवून घेतलं त्यानं.

रविवारी ते रिक्षानं गेले. रिक्षात ती समोर बघत होती. लग्नातला शालू नव्हे, पण कपाटातली सगळ्यांत चांगली हिरवी साडी नेसली होती, हातभर हिरव्या बांगड्या होत्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. इतकं मोठं ती कधी लावत नसे. मांडीवर पूजेचं ताट होतं. उत्तरेश्वरला वाटलं, आपण बायको आहोत हे कळवायची ही तिची पद्धत असेल. आज ती सांगणार. मनातल्या मनात तो तयार झाला, किंबहुना त्याला बरंच वाटलं. सगळं तिच्या तोंडून होऊन जाईल, प्रविण जीभ चावेल, हसतील सगळे, आणि मग पुढच्या रविवारी तो सत्यमच्या टोळीबरोबर घाटात असेल. शोरूममध्ये गाडी मधोमध उभी केली होती, हार घालून. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला काही नव्हतं, नुसत्या चकचकीत तारा. भिंतीवर गाडी घेणाऱ्यांचे फोटो लावले होते, मालक, मालकीण, पोरंबाळं, सगळी दात काढून. प्रविण मोबाईल घेऊन तयारच होता. फोटो भिंतीवर लागणार होता, शिवाय शोरूमच्या पानावर जाणार होता, आणि ते पान सत्यम बघतो हे उत्तरेश्वरला ठाऊक होतं. दीपमालानं चाकांखाली लिंबं ठेवली, हँडलला हळद लावली, दिवा ओवाळला. तिची ती लगबग, ते कुंकू आणि बांगड्या बघून प्रविण आपुलकीनं म्हणाला, आई, वडलांना बी आणायचं की, त्यांनी बी बगितली असती लेकाची गाडी.

दीपमालानं ताट खाली ठेवलं.

“ते गेले,” ती म्हणाली.

प्रविणचा मोबाईल खाली आला. त्यानं तिच्या कुंकवाकडे बघितलं, बांगड्यांकडे बघितलं. कधी, त्यानं हळूच विचारलं.

“मागल्या ऐतवारी.”

“कुटं, आई?”

“हितंच,” ती म्हणाली. “त्या टेबलापशी.”

प्रविणला काही कळेना. तो उत्तरेश्वरकडे वळला, आणि त्या नजरेत अजूनही एक जागा मोकळी होती, एका शब्दाची, पहिल्या दिवशी होती तेवढीच. उत्तरेश्वरला ती दिसली. मान किंचित कलती करून, डोक्याकडे बोट नेल्यासारखं करून, तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “वय झालंय त्यांचं.”

त्यांचं. चोवीस वर्षांत तिच्याबद्दल बोलताना त्यानं पहिल्यांदा आदरानं उल्लेख केला होता. दीपमालानं मान डोलावली, बरोबर आहे म्हणून. ताटात कुंकू भरपूर होतं, तरी तिनं अंगठ्यानं आपल्या कपाळावरचं पुसलं, चांगलं घासून पुसलं, आणि तो अंगठा गाडीच्या हेडलाइटच्या काचेवर टेकवला. मग चावी उचलून उत्तरेश्वरच्या हातात दिली. आई लेकाच्या हातात चावी देते, ही प्रविणच्या ओळखीची जागा होती. तो दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, आई, अशाच थांबा, सरांच्या डोक्यावर हात ठिवा. तिनं ठेवला. उसाच्या घट्ट्यांचा तो हात नुकत्याच काळ्या केलेल्या केसांवर जड पडला, आणि तिथून तो हलेना.

“हसा सर,” प्रविण म्हणाला.

उत्तरेश्वर हसला. फोटो चांगला आला.